मॉर्गन: लहानच राहायचं ठरवलेला मोटारींचा कारखाना

चाकोरीबाहेर

ब्रिटनमधल्या छोट्या स्पोर्ट्सकार कंपन्यांचा विषय इथे अधूनमधून निघतो, पण बहुतेक वेळा लोटसपाशी सुरू होऊन लोटसपाशीच संपतो. मॉर्गनवर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा काढतोय. जरा सविस्तर लिहिणार आहे, सवडीने वाचा.

मॉर्गनबद्दल कुठेही वाचायला गेलं की एक वाक्य हमखास भेटतं: शंभर वर्षांत काहीही न बदललेली कंपनी. मला ते अजिबात पटत नाही. काहीही न बदलणाऱ्या कितीतरी कंपन्या इंग्लंडात बंद पडल्या. मॉर्गन टिकली याची माझ्या मते दोन कारणं आहेत. एक, इंजिन बनवण्याच्या फंदात ती पडली नाही, ते कायम बाहेरून घेतलं. दोन, मागणी वाढली म्हणून कारखाना फुगवला नाही. बाकी लाकूडकाम, हातकाम, जुना तोंडवळा हे सगळं मला मनापासून आवडतं, पण नुसत्या त्याच्या जोरावर कारखाना चालत नाही.

आता सुरुवातीपासून. हेन्री फ्रेडरिक स्टॅन्ली मॉर्गन, सगळे त्यांना एचएफएस म्हणत, जन्म १८८१. वडील हेरफर्डशरमधल्या स्टोक लेसी गावचे पाद्री. मुलाने पाद्री व्हावं असा आग्रह त्यांनी धरला नाही. मुलगा स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून आला आणि मालव्हर्न लिंकला त्याने गॅरेज टाकलं. १९०९ मध्ये त्याने स्वतःसाठी एक तीनचाकी बनवली. स्वतःचं यंत्रकामाचं सामान पुरेसं नव्हतं, म्हणून मालव्हर्न कॉलेजच्या कार्यशाळेत तिथल्या स्टीफन्सन-पीच या शिक्षकांच्या मदतीने ती तयार झाली. इंजिन प्यूजोचं, दोन सिलिंडरचं. पुढे दोन चाकं, मागे एक.

विकायचा विचार नंतर आला. १९१० च्या लंडनमधल्या ऑलिंपिया प्रदर्शनात गाडी ठेवली, लोकांनी कौतुक केलं, पण ऑर्डरी बेताच्याच आल्या, कारण गाडीत एकच माणूस बसत होता. पुढच्या वर्षी दोन सीटांची गाडी आली आणि ती थेट लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानाच्या काचेच्या खिडकीत विक्रीला उभी राहिली. १९१२ मध्ये रीतसर कंपनी झाली. भांडवल वडिलांचं आणि अध्यक्षही तेच, १९३६ मध्ये निधन होईपर्यंत. ते पत्रकं लिहायचे, वर्तमानपत्रांना पत्रं लिहून मुलाच्या गाडीची बाजू मांडायचे. या वडिलांबद्दल मला फार आदर वाटतो. मुलाच्या यंत्रवेडावर पैसे लावणारे बाप त्या काळात किती असतील?

पहिल्या गाडीतली एक गोष्ट मुद्दाम जवळून सांगतो, कारण ती पुढे शंभर वर्षांहून जास्त टिकली: पुढच्या चाकांचं सस्पेन्शन. प्रत्येक पुढच्या चाकाजवळ एक उभा पोलादी खांब असतो, वर-खाली चौकटीत पक्का केलेला. चाकाचा स्टब ॲक्सल, म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो आखूड आख, या खांबावर स्प्रिंगांच्या आधाराने वर-खाली सरकतो, आणि स्टिअरिंग फिरवलं की त्याच खांबाभोवती वळतो. बस, एवढंच. १९०९ मध्ये बहुतेक गाड्यांना पुढे बैलगाडीसारखा आडवा आख होता, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलायचं. मॉर्गनची दोन्ही चाकं पहिल्या दिवसापासून स्वतंत्र. हा खांब आतून वंगणात राहिला नाही तर लवकर झिजतो, म्हणून नंतरच्या चारचाकी मॉर्गनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी एक बटण दिलं गेलं. ते दाबलं की इंजिनातलं ऑइल थेट खांबांपर्यंत जायचं. सकाळी गाडी काढताना ते एकदा दाबायचं, हा मॉर्गनवाल्यांचा परिपाठ.

तीनचाकीचं खरं बळ हलकेपणात आणि करात होतं. ठरावीक वजनाच्या आतली तीनचाकी ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या वर्गात धरली जायची, त्यामुळे कर कमी. दोन गिअर, प्रत्येक गिअरला वेगळी साखळी. रिव्हर्स गिअर नव्हताच, तो १९३१ मध्ये तीन गिअरच्या गाडीबरोबर आला. १९१३ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँची सायकलकारची, म्हणजे हलक्या, स्वस्त छोट्या गाड्यांची शर्यत मॅकमिनीज यांनी मॉर्गनवर जिंकली आणि कंपनीला ग्रां प्री नावाचं मॉडेल मिळालं. फ्रान्समध्ये दार्मों कंपनी परवाना घेऊन या गाड्या बनवू लागली.

मग १९२२ मध्ये ऑस्टिन सेव्हन आली. खरीखुरी चारचाकी, चार सिलिंडर, आणि सामान्य माणसाला झेपेल अशा किमतीत. सायकलकार बनवणाऱ्या डझनावारी कंपन्या त्या एका गाडीने संपवल्या. मॉर्गनने किमती उतरवल्या, शर्यतींतलं नाव वापरलं आणि तग धरला. पण तीनचाकीचे दिवस मोजके आहेत हे एचएफएसना कळत होतं. १९३६ मध्ये त्यांनी ४-४ आणली: चार चाकं, चार सिलिंडर, कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं इंजिन. पुढचं सस्पेन्शन तेच. ही गाडी मधले खंड वगळता ऐंशीएक वर्षं बनत राहिली.

पुढचा भाग प्रतिसादांच्या ओघात लिहीन. कुणाला लाकडाबद्दल माहिती असेल तर जरूर लिहा, त्यात माझा हात तोकडा आहे.

केपी_नाशिक

उत्तम लेख. एक शंका. तीनचाकी म्हणजे आपली रिक्षाच ना उलटी केलेली? रिक्षा वळणावर कलंडते तशी ही कलंडत नव्हती का? आणि त्यावर लोक शर्यती कशा काय लावायचे?

चाकोरीबाहेर

@केपी_नाशिक, उलटी केली यातच सगळं आलं. वळणावर ब्रेक मारला की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला जातं. रिक्षाला पुढे एकच चाक, तेही मधोमध, म्हणजे वजन जिथे जातंय तिथे टेकू नाही. मॉर्गनला नेमके तिथेच दोन्ही कोपऱ्यांवर चाकं आहेत, शिवाय इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेलं आणि माणसं जवळजवळ जमिनीवर बसलेली. त्यामुळे ती कलंडायला सहज तयार होत नाही. तिची अडचण मागे आहे. सगळी ताकद एकाच चाकातून रस्त्यावर उतरते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरतं. पंक्चर झालं तर ते चाक काढणं हा वेगळाच व्याप.

शर्यतींचं म्हणाल तर ग्वेंडा स्टुअर्ट या बाईंनी पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर मॉर्गन ताशी १०० मैलांच्या वर पळवून विक्रम केले, तेही १९३० च्या आसपास. धोका नव्हता असं मात्र नाही. १९२४ मध्ये इंग्लंडातल्या ब्रुकलंड्स ट्रॅकवर मॉर्गन चालवणाऱ्या वेअर यांचा मोठा अपघात झाला आणि त्यानंतर तीनचाकींना चारचाकींबरोबर शर्यतीत उतरायला बंदी आली.

सुतारकी

लाकडाबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम. वडिलांनी बरीच वर्षं कराडला ट्रकच्या बॉड्या बांधल्या, मीही त्यांच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे मॉर्गनच्या कारखान्याचे व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघितले आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मॉर्गनची चासी, म्हणजे गाडीचा खालचा मूळ पाया, लाकडी नाही. चासी आधी पोलादाची होती, आता ॲल्युमिनियमची आहे. लाकूड आहे ते बॉडीच्या सांगाड्यात. त्यावर पत्रा बसवतात. लाकडाची चासी असलेली ब्रिटिश गाडी म्हणजे मार्कोस, तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत प्लायवुडची रचना होती. लोक या दोघांची गल्लत करतात.

मॉर्गन वापरते ते ॲश नावाचं झाड. विलायतेत हातोड्याचे आणि कुऱ्हाडीचे दांडे याच लाकडाचे करतात, आणि त्यातच सगळं आलं. दांडा रोज हजार हिसके खातो. त्याला नुसतं कडक लाकूड चालत नाही, ते तडकतं. लांब सरळ रेषांचं, वाकून परत जागेवर येणारं लाकूड लागतं. ट्रकच्या बॉडीतही आम्ही हेच बघायचो. सांधा इतका आवळायचा नाही की गाडी पिळली की लाकूड फाटेल, आणि इतका सैल सोडायचा नाही की करकर सुरू होईल.

मागच्या चाकावरची कमान मला सर्वांत आवडते. अखंड लाकडातून ती कापली असती तर रेषा आडव्या आल्या असत्या आणि वळणापाशी मोडली असती. म्हणून तीन पातळ फळ्या घेतात, सरस लावतात, एकावर एक ठेवून कमानीच्या आकाराच्या साच्यात वाकवतात आणि शिकंजे आवळून सुकेपर्यंत सोडून देतात. साच्यातून काढल्यावर रेषा पूर्ण वळणभर सलग राहतात. मग पटाशी आणि रंध्याने ताशीव काम. दाराचा सांगाडा त्या-त्या गाडीवर लावून बघत बघत जुळवतात, त्यामुळे एका गाडीचं दार दुसरीला जसंच्या तसं बसेल याची खात्री नसते. माझ्या वडिलांना हा व्हिडिओ दाखवला तेव्हा ते फक्त कारागिराच्या हाताकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "पट्टी लावायच्या आधी बोट फिरवतोय बघ, तो शिकलेला आहे."

वर्षा_मिडलंड्स

मी बर्मिंगहॅमजवळ राहते. मालव्हर्न इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे आणि कारखाना पैसे भरून बघता येतो. नवरा मागे लागला म्हणून गेले होते, आणि बाहेर पडताना मीच त्याच्यापेक्षा जास्त बोलत होते.

लाल विटांच्या बैठ्या शेडांची रांग, पिकर्सली रोडवर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कंपनीने ही जागा घेतली आणि अजून तिथेच आहे. जमीन उताराची आहे. गाडी एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माणसं हाताने ढकलत नेतात. सुतारखान्यात भुश्शाचा वास, शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचा ठणठणाट. बॉनेटवरच्या त्या झडपांच्या रांगा आहेत ना, त्या कशा पाडतात ते बघून मी थक्क झाले. एकेक झडप वेगळी दाबून पाडतात, आणि सगळ्या ओळीत आल्या पाहिजेत. शेवटची चुकली तर आधीची सगळी मेहनत वाया.

@सुतारकी, तुमच्या वडिलांचं निरीक्षण अगदी खरं आहे. तिथे जवळपास प्रत्येक जण हात फिरवून बघत होता, डोळ्यांवर कुणाचा फारसा विश्वास नव्हता.

चाकोरीबाहेर

सुतारकी, वर्षा, दोघांचे मनापासून आभार. धाग्याला जे हवं होतं ते मिळालं.

आता इंजिनांकडे. जेएपी, अँझानी, ब्लॅकबर्न, मॅचलेस, मग कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, स्टँडर्ड, ट्रायम्फ, फोर्ड, रोव्हर, बीएमडब्ल्यू. ही यादी बघितली की ब्रिटनच्या इंजिन उद्योगाचा इतिहासच समोर येतो. यातल्या कितीतरी कंपन्या संपल्या आणि त्यांची गिऱ्हाईक असलेली मॉर्गन राहिली. पुरवठादार बुडाला की प्रत्येक वेळी मॉर्गनला दुसरं इंजिन शोधावं लागलं, गाडी त्याप्रमाणे ताणावी लागली. काही न बदलणारी कंपनी म्हणतात ती हीच.

यात सर्वांत मोठी उडी १९६८ ची. त्याआधी दोन वर्षं रोव्हरने मॉर्गन विकत घेण्याबद्दल विचारणा केली होती. एचएफएस १९५९ मध्ये गेले होते आणि कारभार मुलगा पीटर बघत होता. पीटरने कंपनी विकायला नकार दिला, पण रोव्हरकडे येऊ घातलेलं साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन मागून घेतलं. मूळ ब्यूकचं, ॲल्युमिनियमचं, म्हणून ताकदीच्या मानाने हलकं. टनाच्या आतल्या गाडीत ते बसवलं आणि प्लस ८ तयार झाली, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जाणारी. दिसायला १९३० च्या दशकातली. ती २००४ पर्यंत बनली. माझ्या मते पीटर मॉर्गन यांचा हा निर्णय कंपनीच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय आहे.

पीटरचा फसलेला प्रयोगही सांगायला हवा. १९६३ च्या सुमारास त्यांनी प्लस ४ प्लस काढली: फायबरग्लासची बॉडी, गोलसर छप्पर, अगदी नव्या जमान्याची. जेमतेम २६ विकल्या गेल्या. गिऱ्हाइकाला मॉर्गनकडून काय हवंय ते तेव्हा कळलं.

आणि फ्रान्समधली ल मांची शर्यत राहिलीच! १९३८ मध्ये प्रुडन्स फॉसेट या तरुणीने सहचालकाबरोबर ४-४ घेऊन २४ तासांची शर्यत पुरी केली, तेरावा क्रमांक. १९६१ मध्ये ख्रिस लॉरेन्स यांच्या मॉर्गनला आयोजकांनी प्रवेश नाकारला. गाडी फारच जुनाट दिसते म्हणून, असं सांगतात. पुढच्या वर्षी तेच लॉरेन्स आणि रिचर्ड शेफर्ड-बॅरन परत गेले आणि दोन लिटर जीटी गटात पहिले आले. टीओके २५८ नंबरची ती गाडी रस्त्याने चालवत फ्रान्सला नेली होती आणि शर्यत संपल्यावर रस्त्यानेच चालवत परत आणली. २४ तास पळवलेली गाडी!

गॅसकिट

माझ्याकडून एक भर. सत्तरच्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले आणि मॉर्गनचा तिकडचा रस्ता बंद झाला. छोट्या कंपनीला त्या चाचण्यांचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विक्रेत्याने या गाड्या प्रोपेन गॅसवर चालवून आणायला सुरुवात केली आणि अनेक वर्षं अमेरिकेत मॉर्गन मिळायची ती गॅसवरचीच. मी स्वतः एलपीजी किट बसवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे व्ही-८ स्पोर्ट्सकारला गॅसची टाकी हे वाचून फार आनंद झाला होता. गॅसला ऑक्टेन चांगला असतो, इंजिन आतून स्वच्छ राहतं. थोडी ताकद जाते, पण व्ही-८ ला काय फरक पडतो.

सीए_मंगेश

लेख आणि प्रतिसाद दोन्ही छान, पण धाग्याचा सूर थोडा भक्तिभावाचा झालाय. १९९० मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात सर जॉन हार्वे-जोन्स मॉर्गनच्या कारखान्यात गेले होते. आयसीआयसारख्या प्रचंड कंपनीचे माजी अध्यक्ष. त्यांनी स्पष्ट सांगितलं की उत्पादन वाढवा, किंमत वाढवा, कारखान्याची मांडणी बदला. तेव्हा गिऱ्हाइकाला गाडीसाठी कित्येक वर्षं थांबावं लागत होतं. आपल्याकडे चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि नंबर लागला की जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचे, हे आठवणारे इथे असतील. थांबणाऱ्या माणसाच्या खिशातला जो पैसा कारखान्याला मिळायला हवा तो मधल्यामध्ये कुणीतरी खातो. हार्वे-जोन्स यांचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं.

चाकोरीबाहेर

@सीए_मंगेश, मुद्दा महत्त्वाचा आहे आणि अर्धा मला मान्य आहे. मांडणीबद्दल ते बरोबर होते. नव्वदच्या दशकात पीटरचे चिरंजीव चार्ल्स यांनी त्यातल्या काही सुधारणा केल्याही, फक्त आपल्या गतीने. किमतीबद्दलही तुमच्याशी वाद नाही.

पण उत्पादन झपाट्याने वाढवण्याबद्दल मी मॉर्गन बापलेकांच्या बाजूने आहे. चेतकची रांग परवाना राजमुळे होती, कारखान्याला हवं तेवढं बनवायची मुभा नव्हती. मॉर्गनची रांग स्वतःच्या निर्णयातून आली होती. वर्षाला चारशे-साडेचारशे गाड्या, आणि मंदी आली तरी रांग असल्यामुळे कामगारांना काम. एकदा क्षमता दुप्पट केली की ती भरून काढायला दरवर्षी दुप्पट गिऱ्हाइकं लागतात, आणि स्पोर्ट्सकार ही मंदीत माणूस सर्वांत आधी टाळतो अशी वस्तू. कार्यक्रम दाखवला गेल्यावर मालव्हर्नला पाठिंब्याची पत्रं आली आणि ऑर्डरींची रांग आणखी वाढली, हेही खरं.

उलट उदाहरण ब्लॅकपूलच्या टीव्हीआरचं. पीटर व्हीलर यांनी नव्वदच्या दशकात भन्नाट गाड्या काढल्या आणि स्वतःची इंजिनंही बनवायला घेतली. पण एवढ्या लहान कारखान्याला इंजिन तयार करणं, तपासणं आणि वॉरंटी निभावणं फार जड जातं. २००४ मध्ये कंपनी विकली गेली आणि २००६ मध्ये ब्लॅकपूलचं उत्पादन थांबलं. एकट्या इंजिनामुळे सगळं झालं असं म्हणणार नाही, पण ते ओझं मॉर्गनने कधीच उचललं नाही.

सीए_मंगेश

टीव्हीआरचं उदाहरण पटलं. पण शेवटी मॉर्गनही कुटुंबाच्या हातून गेलीच ना?

चाकोरीबाहेर

गेली, आणि त्याचं मला वाईट वाटतं. २००० मध्ये एरो ८ आली: ॲल्युमिनियमची चासी, बीएमडब्ल्यूचं व्ही-८, आणि बॉडीत ॲश तसंच. पुढचे दिवे मात्र फोक्सवॅगन बीटलचे, तेही डाव्याचे उजवीकडे आणि उजव्याचे डावीकडे. स्वतःचे दिवे बनवून मंजूर करून घेणं छोट्या कंपनीला परवडत नाही. गाडी तिरळी दिसते म्हणून बरीच टीका झाली आणि नंतर दिवे बदलले. पीटर मॉर्गन २००३ मध्ये गेले. २०११ मध्ये तीनचाकी नव्याने आली आणि चांगली चालली. २०१३ मध्ये चार्ल्स यांच्याकडचा कारभार गेला. २०१९ मध्ये इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूक कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला, कुटुंबाकडे थोडा राहिला. त्याच सुमारास सगळ्या गाड्या नव्या ॲल्युमिनियम चासीवर गेल्या, आणि सरकत्या खांबाचं ते सस्पेन्शन चारचाकीतून २०२० पर्यंत निरोप घेऊन गेलं. २०२२ च्या सुपर ३ तीनचाकीत फोर्डचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. इंजिन अजूनही बाहेरचंच.

मांडवीकाठ

गोव्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची उघडी गाडी बनत होती, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं १.२ लिटर इंजिन. लहानपणी पणजीत एक लाल स्टॉर्म दिसायची, ती जाईपर्यंत आम्ही मुलं रस्त्याच्या कडेला थांबायचो. इंजिन बाहेरून, बॉडी स्वतःची, संख्या कमी: कृती तीच होती. मग ती का टिकली नाही?

चाकोरीबाहेर

@मांडवीकाठ, सुंदर प्रश्न. मला वाटतं काळ आणि बाजार. मॉर्गन वाढली ती रविवारी डोंगरी रस्त्यांवर चढाईच्या स्पर्धा भरवणाऱ्या हौशी लोकांच्या देशात. एचएफएस स्वतः १९१० मध्ये लंडन-एक्झेटर स्पर्धेत उतरले आणि सुवर्णपदक घेऊन आले, तीच त्यांची जाहिरात. आपल्याकडे तेव्हा घरातल्या पहिल्या गाडीत चौघं बसायला हवी होती. दोन सीटांची दुसरी गाडी घेणारं गिऱ्हाईक फारच थोडं. स्टॉर्मवर तुम्ही वेगळा धागा काढाच, मी नक्की लिहीन.

आजोळ_खडकी

धागा वाचून जुना अल्बम काढला. आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांच्या एका फोटोत मागे तीनचाकी उभी आहे, पुढे दोन चाकं, शेजारी हॅट घातलेला गोरा साहेब. ही मॉर्गनच असेल का, आणि साल कसं ओळखायचं? मागे काहीच लिहिलेलं नाही.

चाकोरीबाहेर

@आजोळ_खडकी, फोटो जमेल तेवढा मोठा स्कॅन करून टाका. पुढे दोन आणि मागे एक चाक असणाऱ्या गाड्या इतरांनीही काढल्या होत्या, उदाहरणार्थ बीएसएने, त्यामुळे आत्ताच मॉर्गन म्हणून शिक्का मारत नाही.

आधी नाकाकडे बघा. दोन सिलिंडरचं इंजिन चाकांच्या पुढे उघडं दिसतंय का? तसं असेल तर मॉर्गनची शक्यता बरीच वाढते. पुढे रेडिएटर आणि इंजिन बॉनेटखाली पूर्ण झाकलेलं असेल, तर मॉर्गनच्या बाबतीत ती फोर्ड इंजिनची एफ मालिका, म्हणजे १९३३ च्या अखेरीनंतरची. मग पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला तो उभा खांब आणि त्यावरची स्प्रिंग दिसते का बघा. ती दिसली तर शंका उरत नाही. नंबरप्लेट वाचता आली तर तीही लिहा.

आजोळ_खडकी

इंजिन उघडंच दिसतंय, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. खांबापाशी साहेबाचा पाय आडवा आलाय. उद्या दुकानात जाऊन नीट स्कॅन करून आणतो.